ठोसेघरचा धबधबा : जाताना उतार, येताना चढ

पावसाळा लागला की वस्तीतल्या पोरांच्या मोबाइलवर धबधब्यांचे व्हिडिओ फिरायला लागतात. पोरं दुचाक्या काढून जाऊनही येतात. घरातली बाई मात्र धबधबा बघते तो पोराच्याच मोबाइलवर. तिचं बाहेर पडणं म्हणजे दीक्षाभूमी, चैत्यभूमी, नात्यातली लग्नं आणि मयती. फक्त स्वतःच्या जिवाला बरं वाटावं म्हणून शेवटचं कधी कुठं गेला होता, असं आरोग्य शिबिरात बायांना विचारलं, तर बहुतेक जणी एकमेकींकडे बघून हसतात. काही जणी म्हणतात, "मॅडम, आता कुठं जायचं? गुडघे साथ देत नाहीत. दम लागतो."

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर एका धबधब्याबद्दल लिहिते आहे. डोंगर चढायचा नाही, दोर-काठ्या लागत नाहीत, दहा-पंधरा मिनिटांची पायवाट आहे आणि समोर शेकडो फूट खाली कोसळणारं पाणी आहे. साठीची आजीही तिथे जाऊ शकते. फक्त तिनं आधी थोडी तयारी करायला हवी, आणि तिच्यासोबतच्या पोरांनी पाण्याशी मस्ती करायची नाही.

जागा कशी आहे

सातारा शहरातून बोगद्याच्या बाजूनं सज्जनगडाचा रस्ता धरायचा. गडाच्या पायथ्यावरून पुढे बोरणे घाट लागतो, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर ठोसेघर गाव येतं. त्याच रस्त्यानं आणखी पुढे गेलं की चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. ठोसेघरच्या परिसरात तारळी नदीचा उगम आहे. ही नदी पुढे उंब्रजजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे इथे कड्यावरून कोसळणारं पाणीच खाली जाऊन कुणाच्या शेतात, कुणाच्या नळात पोचतं.

इथे एकच धार नाही. काही धबधबे पंधरा-वीस मीटरचे आहेत आणि एक मोठा, जो सरळ खोल दरीत पडतो. तिकीट काढून आत गेलं की झाडीतून बांधीव पायवाट आणि पायऱ्या आहेत. त्या उतरत गेलं की दरीच्या या काठावर, धबधब्याच्या समोर, कठडा लावलेली गॅलरी येते. तिथून बघायचं. पाणी दरीच्या पलीकडे आणि आपण अलीकडे, ही या जागेची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. धबधबा नीट दिसावा म्हणून पाण्यात उतरावं लागत नाही.

जुलै ते ऑक्टोबर हा इथला हंगाम. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये पाणी खूप असतं, पण धुकं इतकं दाटतं की कधी कधी नुसता आवाजच ऐकून परत यावं लागतं. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबर हे दिवस बरे. पाऊस उघडझाप करतो, धबधबा भरलेला असतो आणि पायऱ्यांवर गर्दीही जरा कमी असते.

साताऱ्याला जाणं आपल्याला परकं नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव याच शहरातल्या शाळेत दाखल झालं. आज ती शाळा छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. माता भीमाबाईंचं निधनही साताऱ्यातच झालं. त्यामुळे अनेक वस्त्यांतून साताऱ्याला बस निघते. पण नोव्हेंबरात जाणाऱ्यांनी धबधब्याची मोठी आशा धरू नये, तोवर पाणी बारीक झालेलं असतं. धबधबा बघायचा तर वर्षावासाच्या महिन्यांतच बेत करावा.

खर्चाचंही सांगते. एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे, आणि ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनाही अर्धं तिकीट आहे. आधार कार्ड जवळ ठेवा. साताऱ्याहून ठोसेघरला एसटी जाते, पण फेऱ्या मोजक्या आहेत, म्हणून परतीची वेळ स्टँडवरच विचारून घ्या. दहा-बारा जणी असाल तर जीप ठरवलेली सोयीची पडते.

आधी सोपं, मग अवघड

डोंगरावर जाताना आधी चढ लागतो. दमलं की माणूस अर्ध्यातून मागे फिरतं, आणि फिरताना उतार असतो. धबधबा बघायला जाताना उलटं होतं. जाताना उतार असतो, गार वारं असतं, उत्साह असतो. आपण भराभर खाली जातो. दम कुठं लागतो ते कळतं परत येताना, जेव्हा मागे फिरायची सोयच उरलेली नसते. पायवाट छोटी आहे म्हणून कुणी तयारी करत नाही आणि मग परतीच्या पायऱ्यांवर बसून राहावं लागतं.

उतरताना त्रास होतो गुडघ्यांना. पायरी उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. चढताना त्रास होतो तो हृदयाला आणि फुप्फुसांना. म्हणजे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जाताना सांभाळायचं, आणि ज्यांना दम लागतो त्यांनी येताना. हे ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

गुडघे दुखत असतील तर एक साधा नियम पाठ करा : *चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.* एका पायरीवर दोन्ही पाय टेकवा, मगच पुढची पायरी. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात काठी. पाऊल लहान टाका. उतारावर धावत सुटणाऱ्या पोरांना वाट द्या, त्यांच्याबरोबर ओढल्या जाऊ नका.

चढताना बोलून बघा. चालता चालता शेजारणीशी दोन वाक्यं सलग बोलता येत असतील तर वेग बरोबर आहे. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागत असेल तर थांबा. थांबायची लाज बाळगू नका. वीस पायऱ्यांनंतर एक मिनिट उभं राहिलं तर वर पोचायला पाच मिनिटं जास्त लागतील, एवढंच.

निघण्याआधी पंधरा दिवस

सहल ठरली की लगेच तयारी सुरू करा. जिना कुठंही मिळतो. एसआरएच्या इमारतीत राहणाऱ्यांनी लिफ्ट सोडून द्यावी. बैठ्या घरातल्या बायांनी रेल्वेच्या पुलावर किंवा विहाराच्या पायऱ्यांवर चढ-उतार करावा. पहिल्या दिवशी एक मजला, आठवड्यानं दोन, दुसऱ्या आठवड्यात तीन. तीन मजले न थांबता, छातीत न दुखता चढता आले तर ठोसेघरची पायवाट जमेल. जोडीला रोज अर्धा तास भरभर चाला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं असा व्यायाम करायला सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस, की तेवढी मिनिटं भरतात. "आम्ही दिवसभर उभ्याच असतो" असं बाया म्हणतात. ते खरं आहे, पण ओट्यापाशी उभं राहणं आणि दम वाढेल असं चालणं, हे शरीराला सारखं नाही.

याच पंधरा दिवसांत तीन तपासण्या करून घ्या.

*रक्तदाब.* १४० / ९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नका. गोळी चालू असेल तर सहलीच्या दिवशीही घ्यायचीच. "आज गाडी लागेल, उद्या घेऊ" असं चालत नाही.

*साखर.* इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी चालायचं नाही. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर उतरली आहे असं समजा. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घोळून प्या, पंधरा मिनिटं बसा, बरं वाटलं की काहीतरी खा. म्हणून साखरेची पुडी पिशवीत नाही, अंगावरच्या खिशात किंवा कमरेच्या बटव्यात हवी.

*हिमोग्लोबिन.* बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बाया रक्तक्षयाच्या आढळल्या. चढावर लागणारा दम हा अनेकदा वयाचा नसतो, रक्त कमी असल्याचा असतो. त्यावर लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

३० वर्षांपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आशाताईला विचारा. धबधब्याच्या निमित्तानं महिला मंडळातल्या वीस जणींनी तपासून घेतलं, तर एखाद-दुसरीचा लपलेला आजार घरी बसूनच सापडेल. माझ्या मते या सहलीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

छातीत भरून येणं, जबडा किंवा डावा हात दुखणं, थोड्या चालण्यानं पायावर सूज येणं, रात्री उशा उंच करून झोपावं लागणं, यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग धबधबा. गरोदर बाईनं घाटाचा रस्ता आणि ओल्या पायऱ्या टाळाव्यात. दम्याच्या पेशंटनी पंप सोबत घ्यावा, कारण गार दमट हवेत दमा उफाळू शकतो.

पाणी न पिण्याची सवय

आता एक गोष्ट, जी सहलीच्या यादीत कुणी लिहीत नाही. आपल्या बाया प्रवासाला निघाल्या की पाणी पिणं बंद करतात. "वाटेत जायला लागलं तर कुठं जायचं?" म्हणून सकाळच्या चहानंतर संध्याकाळपर्यंत घोटभरही नाही. वर दिवसभर लघवी धरून ठेवायची. मग दुसऱ्या दिवशी जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं. दवाखान्यात आलेल्या बाईला मी "दोन दिवसांत प्रवास झाला का?" असं विचारते, तेव्हा बरेचदा उत्तर "हो" असं येतं.

हा दोष बाईच्या शरीराचा नाही, स्वच्छ संडास नसण्याचा आहे. तो नसेल तिथं मागायलाच हवा, एसटीच्या तक्रार वहीत लिहायलाच हवा. पण आजच्या दिवसापुरता उपाय असा : गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला सांगा की दर दोन तासांनी संडास असलेल्या ठिकाणी थांबायचं. घाट चढायच्या आधी साताऱ्यात एक थांबा घ्याच. सगळ्या जणींनी एकदम उतरायचं, म्हणजे एकटीला संकोच नको. पाळीच्या दिवसांत असाल तर जादा पॅड, जुना कागद आणि पिशवी सोबत ठेवा, वापरलेला पॅड जंगलात टाकू नका. आणि पाणी प्या. गार हवेत तहान लागत नाही, पण चालताना शरीरातलं पाणी जातंच.

पाणी घरून उकळून न्या. धबधब्याचं पाणी पांढरंशुभ्र दिसतं, पण वरच्या पठारावर गुरं चरतात, माणसं राहतात. ते पिण्याचं पाणी नाही.

बघायचं, आत जायचं नाही

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब वाहून गेलं. त्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. मधल्या खडकावर सगळे एकमेकांना धरून उभे होते, आणि बघता बघता पाण्याचा लोंढा वाढला. एक बाई आणि चार मुलं गेली. ती माणसं दारू प्यायलेली नव्हती, उडाणटप्पू नव्हती. आपल्यासारखी सुट्टीच्या दिवशी लेकरांना घेऊन आलेली होती. ती आत गेली तेव्हा पाणी कमी होतं.

धबधब्याचं पाणी असंच असतं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर पाऊस पडत असू शकतो. तिथला पाऊस इथे काही मिनिटांत पोचतो. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. गुडघाभर वाहतं पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उचलतं, आणि शेवाळलेल्या खडकावर तर पाय आधीच सुटलेला असतो. एकमेकांचे हात धरले म्हणजे वाचतो असं वाटतं, पण एक घसरला की तो सगळ्यांना ओढतो.

नदी-ओढ्याच्या जवळ असाल आणि पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज वाढला, तर फोटो, चपला, डबा सगळं सोडून उंचावर चला. चर्चा करायला वेळ नसतो.

दरीचंही तसंच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये याच रस्त्यावर बोरणे घाटात सेल्फी काढताना एक तरुणी दरीत कोसळली. होमगार्ड आणि गावकऱ्यांनी दोरानं तिला वर काढलं, म्हणून ती वाचली. घाटात गाडी थांबवून कठड्यावर चढायचं नाही. गॅलरीतही लेकराला कठड्यावर बसवून फोटो काढायचा नाही. लेकराचं मनगट धरा, बोटं धरू नका. ओली बोटं निसटतात.

निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघा. साताऱ्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकला. जोरदार पावसात जिल्हा प्रशासन अशी ठिकाणं बंद ठेवतं. बंदी असताना मागच्या वाटेनं नेतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

काही झालंच तर

*कुणी पाण्यात पडलं :* मागून उडी मारू नका. ओढणी, साडी, काठी, दोर टाका, रिकामी बंद बाटली किंवा कॅन फेका. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका. आधी तोंडानं पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर ३० वेळा दाबा, पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका. तोवर दुसऱ्यानं १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका फुकट आहे. पोलिसांसाठी ११२.

*पाय मुरगळला :* चोळू नका, तेल लावू नका. पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. पाऊल टेकताच येत नसेल तर हाड मोडलं असं धरून चाला.

*जळू लागली :* घाबरू नका, जाळू नका, हिसकू नका. नखानं कडेनं सरकवून काढा. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, कारण जळवेच्या लाळेनं ते गोठत नाही. कापड दाबून धरा, साबणानं धुवा.

*साप चावला :* कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे तर मुळीच जायचं नाही. माणसाला चालवू नका, हात-पाय हलू देऊ नका, आणि लवकरात लवकर सरकारी दवाखान्यात न्या. सर्पविषावरची लस तिथे मिळते.

*परत आल्यावर ताप :* पायाला जखम असताना चिखल-पाण्यातून चालला असाल आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं, तर लेप्टोची शंका असते. डॉक्टरांना "आम्ही पाण्यातून चाललो होतो" हे आपणहून सांगा.

पायात काय, पिशवीत काय

रबरी स्लीपर घालून ओल्या पायऱ्यांवर जाऊ नका. तळाला खाचा असलेले बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल घाला. साडी असेल तर घोट्याच्या वर खोचा, पायात येणारा निऱ्यांचा घोळ ओल्या पायरीवर पाडतो. छत्रीनं एक हात अडकतो, त्यापेक्षा रेनकोट बरा.

पिशवीत एक कोरडा कपड्यांचा जोड, टॉवेल, रोजच्या गोळ्या, पट्टी, साबण, मीठ-साखर. भिजलेल्या कपड्यांत वाऱ्याला तासभर उभं राहिलं की म्हातारी माणसं आणि लहान मुलं गारठतात. कुडकुडणं थांबेना तर कोरडे कपडे आणि गरम चहा द्या. दारू देऊ नका. तिनं ऊब आल्यासारखी वाटते, पण शरीर आणखी थंड पडतं. खायला भाकरी-चटणी, उकडलेली अंडी, शेंगदाणे-गूळ, केळी. घाटात गाडी लागणाऱ्यांनी पोट गच्च भरू नये, पण उपाशीही राहू नये. पुढच्या सीटवर बसून लांब रस्त्याकडे बघत राहावं, मोबाइलकडे नाही.

डोंगर-जंगल बघणं ही काही पैसेवाल्यांचीच हौस नाही. ज्या बाईनं आयुष्यभर नळावर रांगेत उभं राहून हंडे वाहिले, तिनं एकदा तरी पाणी नुसतं बघायला जावं. तिथे तिच्या डोक्यावर काही नसावं, हातात काही नसावं. घरचा स्वयंपाक त्या दिवशी नवऱ्यानं किंवा पोरानं करावा.

विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटं हा विषय काढा. तारीख ठरवा, नावं लिहून घ्या, आणि त्याच वहीत प्रत्येकीच्या नावापुढे रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन असे तीन रकाने आखा. तिन्ही रकाने भरले की मग गाडी सांगा.